लाडखेडकरांचं तिसरं कलम

नीळकंठ लाडखेडकरांना राग येत नसे. तो त्यांच्याकडे कायमचा मुक्कामालाच होता. सकाळी नळाला पाणी आलं नाही म्हणून राग, आलं तर गढूळ आलं म्हणून राग, पेपर उशिरा आला म्हणून राग आणि मग पेपरात काय छापलंय ते वाचून राग. यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षं काढली आणि हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. या छत्तीस वर्षांत त्यांनी लिहिलेली एकही टिपणी वरून परत आली नव्हती. हे ते स्वतःच सांगत, पण खरं होतं. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, लाडखेडकरांनी कागदावर लिहिलं ते मात्र कुणी खोडलं नाही. त्यांच्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं, त्यामुळे त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

निवृत्तीनंतर त्यांनी गाडी घ्यायचं काढलं. शोरूममधला पोरगेला विक्रेता गोड आवाजात म्हणाला, "सर, तुम्हाला गावात फिरायला टू-व्हील ड्राइव्ह भरपूर झाली. ऑटोमॅटिक घ्या, या वयात..." या वयात काय, ते ऐकायला लाडखेडकर थांबले नाहीत. त्यांनी दाखवायला लावली ती सगळ्यात मोठ्या इंजिनाची, डिझेलची, चारही चाकांना जोर देणारी, हाताने गिअर टाकायची काळी गाडी. आणि तीच घेतली. पुण्याहून मुलगी आभा फोनवर म्हणाली, "बाबा, रणगाडा कशाला घेतला?" त्यावर ते आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

गाडी होती मात्र खरी. चढावर नुसता पाय टेकवला की पोटातून हुंकार द्यायची आणि निघायची. बाभुळगावच्या रस्त्यावर कापसाने फुगलेले ट्रक पुढे असले, की पूर्वी बसमध्ये बसून ते मागची धूळ खात. आता तिसऱ्या गिअरला एकदा दाबलं की ट्रक मागे. बसायची जागा इतकी उंच, की लोकांच्या कुंपणाच्या आत काय वाळत घातलंय तेही दिसायचं. गाडीत असताना लाडखेडकर खूष असत, आणि आपण खूष आहोत याचाही त्यांना थोडा राग येई.

गिअरच्या शेजारी आणखी एक छोटी दांडी होती. ती दोनवर ठेवली की मागची दोन चाकं ओढणार, चारवर टाकली की चारही. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने सांगितलं होतं, "सर, चार फक्त चिखलात, हं. डांबरी रस्त्यावर दोनच."

"मी पैसे किती चाकांचे दिले?" लाडखेडकरांनी विचारलं.

विक्रेता हसला. लाडखेडकर हसले नाहीत. त्यांनी शोरूमच्या फाटकातच दांडी चारवर टाकली आणि ती पुन्हा म्हणून खाली घेतली नाही.

विदर्भातल्या अशा गाड्यांच्या मालकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता, दोनशे बारा माणसांचा. तिथे प्रत्येकाने आपल्या गाडीचे अनुभव लिहायचे. बाकीचे दोन ओळी लिहीत, सोबत नदीत उभ्या केलेल्या गाडीचा फोटो टाकत. लाडखेडकरांनी लिहिलं ते टिपण होतं, बारा कलमांचं. त्यातलं तिसरं कलम असं: 'चारही चाकांस शक्ती देणारे वाहन घेऊन ते दोन चाकांवर चालविणे म्हणजे दोन चाकांचा अपव्यय होय. सबब दांडी सदैव चारवर ठेवावी.' लोकांनी वर केलेले अंगठे पाठवले. काका, जबरदस्त. काका, तुमच्यासारखं लिवणारं कोणी नाई. एकाने भीत भीत शंका काढली, त्याला त्यांनी असं झापलं की तो ग्रुप सोडून गेला. मग ते टिपण दर नव्या मेंबराला आपोआप पाठवलं जाऊ लागलं.

वळणावर गाडी पहिल्यापासूनच थोडी अडे, चार-सहा महिन्यांत फारच अडायला लागली. स्टिअरिंग जड जाई. गेटमधून आत घेताना टायर किंचाळत आणि गाडी जागच्या जागी उसळी मारी.

"अहो, वळताना रडते ही," बायको शीला म्हणाली.

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. रडणं कळतं."

लाडखेडकर टायरवाल्याशी भांडले. मग रस्ता करणाऱ्या ठेकेदाराच्या नावाने अर्ज लिहिला, की डांबरात दोष आहे. मग शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसाने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. कंपनीतून फोन येईल, तेव्हा दहापैकी दहा गुण सांगा, सर, माझ्या पोटाचा प्रश्न आहे, एवढंच म्हणाला. लाडखेडकरांनी दोन दिले. सगळीकडे बेजबाबदार माणसं भरली आहेत, हे त्यांचं जुनंच मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

एका सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन आला. बाईचा आवाज होता.

"काका, मी अंजू राठोड बोलून राह्यली. ग्रुपवर आहो मी, तुमी वळखत नसान. गाडी बंद पडली माही, पुढून काहीतरी तुटलं. आर्णीच्या अलीकडं सेवादासभाऊच्या ग्यारेजवर आहो. त्यायनं इचारलं, डांबरीवर चारवर काहून चालवतं? त मी म्हनलं, लाडखेडकर काकानं लिवलं. त थे म्हनते, लाव त्या काकाले फोन."

मग पुरुषाचा आवाज आला. "साहेब, तुमी कोन आहा ते मले माईत नाई. पन हे लिवणाऱ्या मानसानं गाडी कदी खालून पाह्यली नाई, येवढं समजते मले."

छत्तीस वर्षांत लाडखेडकरांशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यांच्या कानशिलाशी शीर उडायला लागली. "तू तिथंच थांब," ते म्हणाले. "मी येतो."

"मी कुठं जाऊ साहेब? दुकान माह्यंच आहे."

चाळीसेक किलोमीटर ते मनात भांडत गेले. मिस्त्री माणूस, पान्याशिवाय हातात कधी काही धरलं नसेल, आणि माझ्या लिहिण्यात चूक काढतो. काय काय बोलायचं ते त्यांनी मुद्देसूद ठरवलं. एका वळणावर गाडी अडली तेव्हा त्यांनी तिलाही चार शब्द सुनावले.

सेवादासचं गॅरेज म्हणजे टिनाचं शेड आणि पुढे मोठं, टणक, मोकळं आवार. अंजूची गाडी शेडमध्ये वर उचललेली होती. तशीच, डिझेलची, पण जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्या मागच्या सीटा काढून टाकल्या होत्या आणि तिथे दुधाच्या कॅन बांधल्या होत्या. अंजू पस्तिशीची, ओढणी कमरेला खोचलेली. तीन तांड्यांवरचं दूध ती रोज दोन वेळा गोळा करून आर्णीच्या डेअरीवर पोचवत होती. तांड्यांवर जायला काळ्या मातीतली गाडवाट. पावसाळ्यात तिथे दुसरी कुठलीच गाडी जात नसे. म्हणून तिने ही गाडी घेतली होती, आणि ते बरोबरच होतं.

अंजू आणि सेवादास आपसात त्यांच्या बंजारा गोरबोलीत काहीतरी भराभर बोलले. आपल्याला कळू नये म्हणूनच बोलताहेत, असं वाटून लाडखेडकरांचा पारा आणखी चढला. पण तोंड उघडायच्या आत त्यांचं लक्ष गाडीच्या आत गेलं. समोर, वेगाच्या काट्यांच्या वर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून एक छापील कागद चिकटवला होता. त्यांचं टिपण. बाराही कलमं. तिसऱ्याखाली पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

त्यांच्या टिपण्या छत्तीस वर्षं फायलींत गेल्या होत्या. कुणी अशी जपून ठेवली नव्हती. एक क्षण त्यांना बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी बरं वाटल्याची लाज वाटली.

"हे पाहा," सेवादास म्हणाला. तेलकट फडक्यावर पुढच्या चाकांना जोर पोचवणारी साखळी तुटून पडली होती, आणि ती ज्यात बसते त्या फुटलेल्या खोक्याचा तुकडा ठेवला होता. "चारही चाकं एकमेकाले बांधून टाकले तुमी. वळताना पुढचे चाक जास्त चालते, मागचे कमी. चिखलात घसरून घेते, म्हनून चालते. डांबरीवर कुठं घसरंल? सारा ताण याच्यावर येते. वरून दुधाचं वजन."

"हे सगळं तू कुठल्या कॉलेजात शिकलास?" लाडखेडकरांनी विचारलं. आवाज त्यांच्या मनासारखा कडक निघाला नाही.

सेवादास चिडला नाही, हात पुसत बाहेर आला. "तुमच्या गाडीत बसा. आहे तशीच ठेवा दांडी. स्टिअरिंग पुरं फिरवा आन आवारात एक गोल चक्कर मारा."

त्यांनी मारली. टायर किंचाळले, गाडी दर दोन हातांवर गचका खात उडी मारत होती. आपण शहाणे आहोत हे सिद्ध करायला ते आणखी एक चक्कर मारणार होते, पण सेवादासने हात वर केला. तो बाजूला येऊन बसला, गाडी थोडी मागे घ्यायला लावली आणि दांडी ओढली. ती आधी हलेना. मग खाडकन सुटून दोनवर आली.

"आता मारा."

गाडी अलगद फिरली. एक आवाज नाही, एक गचका नाही. लाडखेडकरांनी चक्कर पुरी केली आणि इंजिन बंद केलं. टायरवाला, ठेकेदार, डांबर, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले.

"कंपनीने हे लिहून द्यायला पाहिजे," ते म्हणाले. "लेखी. तोंडी सांगून काय उपयोग?"

सेवादासने आपल्या सीटसमोरचा कप्पा उघडला आणि आतून गाडीचं पुस्तक काढलं. ते अजून प्लास्टिकच्या बंद पिशवीत होतं. त्याने पिशवी फाडली नाही, नुसती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरला.

जन्मभर लोकांकडून लेखी मागणारा माणूस ते पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिला. त्यांना भयंकर राग आला होता. सवयीने तो कुणावर तरी सोडायला गेले, तर समोर कुणी नव्हतं.

ते उतरून अंजूजवळ गेले. "दुधाचं काय झालं?"

"नासलं. ऑटोनं धाडलं उशिरा, डेअरीवाल्यानं परत केलं. संध्याकाळी गाडी नाई आली त उद्यापासून दुसऱ्याची लावतो म्हने." ती हे तक्रार केल्यासारखं बोलली नाही. तेच त्यांना सोसेना. ती ओरडली असती तर त्यांना ओरडता आलं असतं.

"माझी गाडी नेहमी चारवर, तिला काही झालं नाही. आणि तुझी मोडली," ते म्हणाले. "हा कुठला न्याय?"

"तुमची नवी आहे," सेवादास आतून म्हणाला. "दोनवर चालवान त टिकंल. गाडवाटंवर चार, डांबरीवर दोन."

लाडखेडकरांनी किल्ली काढली आणि अंजूसमोर धरली. "सीटा काढायला लाव याला. तुझी दुरुस्त होईपर्यंत ही ने. आणि दुरुस्तीचं मी बघतो."

अंजूने किल्ली घेतली, पण तिथून हलली नाही. "काका, माही त गेली. पन ग्रुपवर अजून दोनशे लोक आहेत. त्याईच्यात कोनी पेशंट नेणारं असंल, कोनी लेकरं नेणारं असंल. त्यायले सांगा ना."

हे मात्र त्यांना जड गेलं. गाडी देणं सोपं होतं. शेडमधल्या स्टुलावर बसून त्यांनी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. पाचव्यांदा लिहिलं: 'माझ्या टिपणातील तिसरे कलम साफ चुकीचे आहे. ते मी पुस्तक न वाचता लिहिले. त्यामुळे एका बाईची गाडी मोडली. डांबरी रस्त्यावर दांडी दोनवरच ठेवावी.' आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

सीटा निघेपर्यंत चौदा अंगठे आले. तिघांनी लिहिलं, काका जबरदस्त. नेरच्या धनसिंग आडेने लिहिलं, 'नेहमीप्रमाणे मोलाचं मार्गदर्शन. चारही चाकं जिंदाबाद.'

लाडखेडकर ते वाचतच राहिले. म्हणजे कुणी वाचत नव्हतं. आत्ताही नाही, आणि तेव्हाही नाही. वाचलं होतं ते एकट्या अंजूने, आणि तिचीच गाडी मोडली. बाहेर त्यांची काळी गाडी कॅन घेऊन रस्त्याला लागली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, धनसिंगचा नंबर लावला.

"धनसिंग, मी लाडखेडकर. आत्ताचा मेसेज वाचलास?"

"वाचला ना काका. लय भारी."

"काय लिहिलंय त्यात?"

"तेच ना... चारही चाकं..."

"चूक आहे ते. दांडी दोनवर घे. मिस्त्रीने मला दाखवलं."

"काका, कोन्या मिस्त्रीच्या नादी लागले तुमी? तो काय तुमच्यापक्षा जास्त शिकला काय?"

"तो बरोबर आहे. मी चुकलो."

धनसिंग हसला. "मजाक करून राह्यले. तुमी आन चुकान?"

"धनसिंग," लाडखेडकर इतक्या जोरात म्हणाले की सेवादासने मान वर केली, "फोन चालू ठेव, गाडीत जाऊन बस, आणि मी सांगतो तसं कर."

"चिडता काहून, काका?"

"मी चुकलो म्हणून चिडतोय. आणि तू ऐकत नाहीस म्हणून. बस आधी."

दार लागल्याचा आवाज आला. लाडखेडकरांनी एकेक पायरी सांगितली: थोडी मागे घे, दांडी ओढ, जोर लाव, आता अंगणात पुरी वळव. इंजिनाचा आवाज आला, मग थांबला. टायर किंचाळले नाहीत.

"काका," धनसिंग म्हणाला, आणि आता त्याचा आवाज हसरा नव्हता. "मी टायरवाल्याले मारलं ना हो. दोन महिने झाले. टायर खराब देल्ले म्हनून, भर चौकात, त्याच्या पोरीसमोर."

लाडखेडकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याच्याकडे जा. आजच," ते म्हणाले. "पाय धर. आणि हे तुला कुणी लिहून दिलं होतं ते विचारलं, तर माझं नाव सांग. पूर्ण सांग."

त्यांनी यादीतला पुढचा नंबर लावला.