भाडेकरूचं गाऱ्हाणं

चहा आधी संपवा, मग ऐका. नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फोडाल. ही फजिती मी घराबाहेर कधी सांगितलेली नाही. घरच्यांना सांगायची गरजच पडली नाही, ते तिथे हजर होते.

तर, मी राहतो कणकवलीत, कॉलेजात शिकवतो. तीनेक वर्षांपूर्वी अक्कल सुचली आणि ओरोसला छोटासा फ्लॅट घेतला. विचार सरळ होता. ओरोसला जिल्ह्याची सगळी कार्यालयं, बदलीवर आलेली माणसं जागा शोधत फिरतात. भाडं येईल, त्यात पगारातले थोडे घातले की कर्जाचा हप्ता भागेल. सुरुवातीच्या रकमेसाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. "भाडा चुकला तर पयला माका सांगूचा," तिने बजावलं होतं.

गेल्या वर्षी नवे भाडेकरू आले. माळी नावाचे सरकारी नोकर, सोलापूरकडचे. सोबत बायको आणि अकरावीतली मुलगी. सज्जन माणसं. करारावर सह्या झाल्या, भाडं जमा करायला मी खाते क्रमांक लिहून दिला.

पहिल्या महिन्यात भाडं आलं नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यातही माझं पासबुक कोरडं.

आता तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं. अहो, भीड नावाची काही चीज असते की नाही? दोनदा गेलो होतो विचारायला. पहिल्यांदा माळीवहिनींनी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. दुसऱ्यांदा तर चटणी डब्यात भरून दिली. हातात त्यांचा डबा घेऊन भाडं कसं मागणार?

घरी बायको विचारायची, "भाडा इला?" मी म्हणायचो, "इला." हप्ता मात्र अख्खा पगारातून जात होता. आणखी दोन महिने असं चाललं असतं तर फ्लॅट विकावा लागला असता. मग पाटल्यांचं हिला काय सांगणार होतो? या विचाराने जेवण जात नव्हतं.

माणसाशी भीड, पण देवाशी कसली? गावच्या जत्रेला गेलो, रवळनाथासमोर नारळ ठेवला आणि तातू गुरवाच्या कानात सगळी हकिगत घातली. "जरा हळू सांग हां," म्हटलं.

"मास्तर, हळू सांगलेला गाऱ्हाणा देवाक पोचता काय?" तातू म्हणाला आणि घसा खाकरून उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा, ह्या तुझ्या लेकरान ओरोसाक जागा घेतलेली आसा."

"व्हय म्हाराजा," मागे जमलेल्या माणसांनी साथ दिली.

"तेच्यात एक भाडेकरू ठेवलेलो आसा. तेना तीन म्हयने भाड्याचो एक पैसो दिलेलो नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेका बुद्दी दी. नायतर तेची बदली कर, थेट घाटावर धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. मी वळून पाहिलं. माळी! हात जोडून, डोळे मिटून उभे. शेजारी त्यांची बायको, मुलगी आणि माझी बायको. परमुलखातली माणसं म्हणून हिने त्यांना परस्पर जत्रेला जेवायला बोलावलं होतं.

घाटावर, आपल्या मुलखाजवळ, बदली मिळावी म्हणून माळींनी आधीच दोन अर्ज केले होते. त्यामुळे शेवटचं मागणं त्यांनी अगदी मनापासून मागितलं. पुढची-मागची वाक्यं जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"सर, त्यो भाडेकरू म्हंजे मीच की काय?"

बायकोने विचारलं, "तीन म्हयने?"

माळींनी मोबाइल काढून दाखवला. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्याच नावावर भाडं गेलेलं. खाते क्रमांक मी लिहून दिला तोच. तो क्रमांक मी नीट पाहिला आणि पायाखालची जमीन सरकली. बचत खात्याऐवजी मी कर्जखात्याचा क्रमांक लिहून दिला होता. हा भला माणूस इमानेइतबारे माझं कर्ज फेडत होता आणि मी ते पैसे बचत खात्याच्या पासबुकात शोधत होतो.

काय सांगू, इतकं हलकं वाटलं. पैसा बुडाला नव्हता, फ्लॅट राहणार होता, वर कर्जही कमी झालं होतं. देवासमोरच माळींचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "चुकलं माझं." ते मोठ्या मनाने हसले. बायको मात्र "घराक चला" एवढंच म्हणाली आणि माझा पुढचा आठवडा कसा जाणार ते मला कळलं.

माळीवहिनी कसल्याशा विचारात होत्या. जेवायला बसताना हळूच म्हणाल्या, "सर, आमच्या पोरीला तुमच्याकडं शिकवणीला घालायचं ठरवलं होतं."

"घाला की. कधीपासून पाठवता?"

"नको. आता दुसरीकडं बघतो."

हो, मी कॉलेजात काय शिकवतो ते सांगायचं राहिलंच. बुककीपिंग. गेली बावीस वर्षं.