आवाज क्रमांक दोन

उल्का करंबेळकरच्या पर्समध्ये किल्ल्या असतात, लिप बाम असतो आणि वाणसामानाच्या बिलांच्या पट्ट्या असतात. एडिसनला ओक ट्री रोडवरच्या दुकानात बिलाला जो गुळगुळीत, हलका कागद वापरतात, तसा कागद तिच्या मते अख्ख्या न्यू जर्सीत दुसरा नाही. शुक्रवारी चहा उकळेपर्यंत ती त्या बिलांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवते. तिचा नवरा विनय पूर्वी विचारायचा, हे काय चाललंय. आता विचारत नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की नवरे बरंच काही विचारायचं सोडतात.

पट्ट्या शनिवारच्या वर्गासाठी. पिस्कॅटवेहून चाळीस मिनिटं गाडी हाकत ती एका शहरातल्या प्रौढांच्या शाळेत जाते आणि इंग्रजी उच्चार शिकवते. वर्गातले सगळे फ्रेंच बोलणारे. कोणी हैतीचं, कोणी काँगोचं, कोणी सेनेगलचं. कोणी हॉस्पिटलात मदतनीस आहे, कोणी टॅक्सी चालवतं. फ्रेंच बोलणारा माणूस 'प' म्हणतो तेव्हा तोंडातून वारा सुटत नाही, अमेरिकन म्हणतो तेव्हा सुटतो. म्हणून पट्टी ओठांसमोर धरायची आणि 'पेपर' म्हणायचं. पट्टी फडफडली की पास. नाही फडफडली की परत म्हणायचं. सव्वाशे किलोचे टॅक्सीवाले पट्टी धरून 'पेन, पीपल, पोटॅटो' करत बसलेले असतात आणि उल्का बाकांमधून फिरत नुसती पट्ट्यांकडे बघते. माणूस गोड बोलतो का, हसरा आहे का, हे बघायचं नाही. "चेहऱ्याकडे बघू नका, कागदाकडे बघा," हे तिचं वाक्य नऊ वर्षांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे.

ही नोकरी तिला कशी मिळाली, तर दुसरं कोणी नव्हतं म्हणून. मूळची सांगलीची, पुण्यात फ्रेंचमध्ये एम.ए., तिथेच कॉलेजात पाच वर्षं शिकवलेलं. मग विनयच्या मागोमाग अमेरिका. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे बारा वर्षं तिने मंडळाच्या गणपतीला मोदक वळले आणि लोकांच्या मुलांना फुकट फ्रेंच शिकवलं. परवानगी आली तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. तासावारी काम, सुट्टीचे पैसे नाहीत, खुर्ची एक पाय आखूड असलेली. पण तिला त्या खुर्चीचं केवढं कौतुक.

पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात आलं की पुस्तकात लिहिलेलं असतं, अमुक स्वर ऱ्हस्व ठेवा, तमुक अक्षरावर आघात द्या. आणि समोरच्याला स्वर, अक्षर, आघात यांतला एकही इंग्रजी शब्द ठाऊक नसतो. पोट दुखतंय हे सांगायला आधी पोटाला काय म्हणतात ते यायला हवं. म्हणून तिने एक वही केली. आवाजांबद्दल बोलायला लागणारे इंग्रजी शब्द, शेजारी फ्रेंच अर्थ, खाली तोंडात जीभ कुठे ठेवायची त्याची चित्रं आणि प्रत्येकाला सहा-सहा उदाहरणं. कंप नसलेल्या व्यंजनाला फ्रेंचमध्ये 'बहिरं' म्हणतात हे लिहिताना तिला गंमत वाटली होती. नऊ वर्षांत शब्द चारशे बारा झाले. आणि त्यांची रांग ए-बी-सी-डीची नव्हती. रांग होती घशापासून ओठांपर्यंत, सांगलीच्या शाळेत बाई क-ख-ग-घ पासून प-फ-ब-भ पर्यंत म्हणून घ्यायच्या तशी. ए-बी-सी-डी म्हणजे लग्नघराबाहेरच्या चपला, कोण कोणाशेजारी का पडलंय याचा पत्ता नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं. शाळेच्या संचालिका मिसेस हॅलरन नेहमी हसून म्हणायच्या, "आल्फाबेटिकल केलंत तर सोपं नाही का पडणार?" उल्काही हसून नाही म्हणायची. सबंध अमेरिकेत तिने ठाम नकार दिलेली ही एकच गोष्ट असेल.

गेल्या सप्टेंबरात शाळेला ग्रँट मिळाली. वही छापायची, आणि प्रत्येक शब्दाचा उच्चार रेकॉर्ड करून फोनवर ऐकता येईल असं करायचं. पुस्तकावर शाळेचं नाव येणार हे मिसेस हॅलरननी आधीच सांगून टाकलं. उल्काला त्याचं काही वाटलं नाही. तिला नाव नको होतं, आवाज हवा होता. ते सगळे शब्द आपल्या आवाजात असावेत, एवढंच.

हे एवढंच कुठून आलं ते सांगायला हवं. तिची मुलगी केया आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. गाडीत बसूनच खाणं घ्यायच्या ड्राइव्ह-थ्रूला खिडकीच्या आधी एक बोलका खांब असतो. उल्काने त्याला ऑर्डर सांगितली. खांब म्हणाला, सॉरी? तिने पुन्हा सांगितली. खांब पुन्हा सॉरी. तिसऱ्या सॉरीनंतर केया मागच्या सीटवरून पुढे वाकली आणि आईच्या खांद्यावरून तेच शब्द त्याच क्रमाने बोलली. खांबाला लगेच कळलं. पुढे फोनही केयाच करायला लागली, कोणी न ठरवताच. विमा, डेंटिस्ट, वीज कंपनी. दहा वर्षांची पोर फोनवर सांगायची, "धिस इज उल्का," आणि पलीकडच्या माणसाला ते खरं वाटायचं. खुद्द उल्काने 'धिस इज उल्का' म्हटलं की स्पेलिंग विचारायचे. जिने पुण्यात पन्नास-पन्नास पोरांचे उच्चार सुधारले, तिला हे किती लागलं असेल ते तिने कोणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या आवाजात.

म्हणून रेकॉर्डिंगचं निघालं तेव्हा तिने गृहीतच धरलं. मिसेस हॅलरननी मात्र मान तिरकी केली. ही बाई मान तिरकी करते तेव्हा काहीतरी काढून घेत असते, हे उल्काला नऊ वर्षांत कळलेलं होतं. "उल्का, आपण हे अगदी फेअर करू या. पाच आवाज घेऊ. नावं नाहीत, फक्त नंबर. तुमचा वर्गच ऐकेल आणि निवडेल."

उल्का लगेच हो म्हणाली. कारण नावं नसली तरी आवाज झाकता येतो का? सोळा जणांचा वर्ग, त्यातले अर्धे दोन-तीन वर्षं तिच्याकडे येणारे. त्यांच्या मुलांचे शाळेचे कागद तिने वाचून दिले होते, त्यांच्या मुलाखतींची तयारी करून घेतली होती. आपली माणसं आपल्यालाच मत देणार. हा विचार मनात आला तेव्हा तिला थोडी लाज वाटली, पण तिने तो हाकलला नाही.

चार आवाज जमले. उल्का, दोन शिक्षक, ऑफिसातला एक माणूस. पाचवा मिळेना, तेव्हा तिनेच केयाला आणलं. केया आता एकवीस वर्षांची, घराजवळच्याच युनिव्हर्सिटीत शिकणारी. "मॉम, माझा मिडटर्म आहे यार," म्हणत आली, चाळीस शब्द आणि दहा वाक्यं सात मिनिटांत वाचून मोकळी झाली. संख्या भरायला आणलेली पोर, तिला क्रमांक चार मिळाला. उल्का क्रमांक दोन.

उल्काने वाचलं तेव्हा माइकशेजारी टेबलावर पट्ट्यांचा गठ्ठा पडलेला होता. एक उचलून ओठांसमोर धरावी असं तिच्या मनात येऊन गेलं. पण काचेपलीकडे मिसेस हॅलरन उभ्या होत्या. शिकवणाऱ्या बाईने स्वतः पट्टी धरायची? हे काही तिला झेपेना. वर्गात ती एकेक शब्द ठरवून, श्वास घेऊन म्हणायची तेव्हा वारा बरोबर सुटायचा. इथे शब्दामागून शब्द आले, मग वाक्यं आली, आणि जीभ आपल्या वाटेने सांगलीला गेली. आपल्याकडे प वेगळा आणि फ वेगळा. प म्हणताना वारा सोडायचा नाही हे दोन वर्षांच्या पोरालाही आईच्या मांडीवर कळतं. जित्याची खोड. उल्काला वाटलं, झकास झालं.

पुढच्या शनिवारी वर्गाने पाचही आवाज ऐकले. उल्काला बाहेर बसवलं होतं. दाराच्या काचेतून तिला दिसलं की सोळाच्या सोळा जण पट्ट्या घेऊन बसलेत. प्रत्येक आवाज ऐकायचा, त्याच्यासारखं म्हणायचं आणि पट्टी बघायची. असं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांची सवय होती वर्गाची, जुन्यांनी नव्यांना लावलेली. उल्काला ते बघून भरून आलं, हे इथे लिहून ठेवायला हवं, कारण पुढच्या वीस मिनिटांत त्याचं काय झालं ते वेगळं.

क्रमांक चारला अकरा मतं. क्रमांक दोनला दोन.

मिसेस हॅलरननी कागद दाखवला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पण बघा ना, तुमचीच मुलगी! किती अभिमान वाटत असेल." उल्का म्हणाली, हो.

गाडीपाशी सोलांज वाट बघत उभी होती. हैतीची, पन्नाशीची, हॉस्पिटलात रात्रपाळी करून शनिवारी सकाळी न झोपता थेट वर्गाला येणारी. तीन वर्षांत एकही तास न चुकवलेली. तिने उल्काचे दोन्ही हात धरले आणि फ्रेंचमध्ये बोलायला लागली.

"मादाम, दोन नंबरच्या तुम्ही. मी पहिल्या शब्दाला ओळखलं."

"मग?" उल्काने विचारलं.

"मी चार नंबरला दिलं." सोलांजच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, उलट चांगला निकाल घरी आणलेल्या मुलीसारखी ती उभी होती. "दोन नंबरच्या मागोमाग म्हटलं की पट्टी हलत नव्हती. तीनदा म्हणून बघितलं. शेजारच्याला वाटलं, मादामना द्यावं, त्याने दिलं. मी त्याला म्हटलं, चेहऱ्याकडे बघू नको, कागदाकडे बघ."

उल्काने हात सोडवून पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला घेतली. तेव्हा सोलांजचा आवाज खाली आला. "मला वॉर्डातून फोनवर सांगावं लागतं मादाम, कुठल्या खोलीत काय झालंय ते. समोर असलं की माणसं माझा चेहरा बघून समजून घेतात. फोनवर चेहरा नसतो. परवा त्यांनी मला चार वेळा सॉरी म्हटलं, आणि खोलीत म्हातारा धापा टाकत होता."

या बाईचा राग करायचा तर कसा करायचा? उल्काने प्रयत्न करून पाहिला, जमेना. तिने वर्गात द्यायची तशी शाबासकी दिली. "अगदी बरोबर ऐकलंस," म्हणाली. गाडीत बसली, आणि पार्किंगमधून बाहेर निघायला तिला पाऊण तास लागला.

घरी जेवताना विनय म्हणाला, "गुरूची विद्या गुरूला फळली म्हणायची." त्याला वाटलं, हसून घालवावं. उल्काने वाढलेलं ताट तसंच ठेवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, हे तिचं गाडीत स्वतःला सुनावून झालं होतं, नवऱ्याने दुसरी म्हण आणायची गरज नव्हती.

केया मात्र भडकली. "आय एम नॉट डूइंग इट. मॉम, ते तुझं पुस्तक आहे. तू केलंयस सगळं. मी कॅन्सल करते, त्यांना सांगते की मला टाइम नाही."

एवढ्यावर उल्काचं काम झालं असतं. केया नाही म्हणाली असती तर पुन्हा तिच्याकडेच आलं असतं, निदान येऊ शकलं असतं. तिने ताटाकडे बघत विचार केला, आणि तिच्या डोळ्यांपुढे तो बोलका खांब आला, आणि खांबासमोर सोलांज.

"तूच करायचंस," ती म्हणाली.

"बट व्हाय?"

"त्यांना समजायला हवं म्हणून." आणि मग, मनात होतं ते शेवटी तोंडून गेलंच. "आणि नाहीतरी तूच उल्का आहेस. दहा वर्षांची होतीस तेव्हापासून."

केया रडली. उल्का रडली नाही. ते बरोबर झालं नाही, मुलीला असं बोलायला नको होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं, पण बोललेलं परत घेता येत नाही आणि तिला ते घ्यायचंही नव्हतं.

चारशे बारा शब्दांना चार रविवार लागले. केया माइकसमोर, उल्का शेजारी वही धरून. पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर शाळेचं नाव, आत मिसेस हॅलरनची प्रस्तावना, शेवटच्या पानावर 'आवाज: केया करंबेळकर'. रांग आल्फाबेटिकल. त्याबद्दल कोणी विचारलंही नव्हतं. संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात तीन बायकांनी तिचं अभिनंदन केलं, मुलीने नाव काढलं म्हणून. उल्काने त्यांना तिळगूळ दिला आणि गोड बोलली.

नव्या सत्राच्या पहिल्या शनिवारी तिने नेहमीसारख्या पट्ट्या वाटल्या. टेबलावर फोन ठेवला, छोटा स्पीकर जोडला. पूर्वी ती शब्द म्हणायची आणि वर्ग तिच्या मागोमाग. आता तिचं काम बटण दाबायचं आणि प्रत्येक शब्दानंतर थांबवायचं. ते तिने मन लावून केलं. सोलांज पहिल्या बाकावर होती, झोपेने डोळे लाल, पट्टी ताठ धरून.

"पेपर," मागच्या सीटवरून बोलल्यासारखी केया स्पीकरमधून बोलली.

"पेपर," वर्ग म्हणाला, आणि सगळ्या पट्ट्या एकदम फडफडल्या. एका नव्या मुलीने उल्काकडे बघून विचारलं, मादाम, तुम्ही नाही म्हणत? उल्काने मान हलवली, आणि पुढच्या शब्दासाठी बटण दाबलं.