वेटिंगवरचा पहिला नंबर

ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्यात ना खून होता, ना दरोडा. तरीही नोकरीतल्या मोठमोठ्या प्रकरणांपेक्षा तीच जास्त लक्षात राहिली.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना हिंगोलीतल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून केबिनमध्ये बसलो, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे एका बाईचा आवाज चढलेला. औंढ्याकडच्या एका तांड्यावरची ती शेतकरी बाई. सोबत नवरा आणि चौथी पास झालेली मुलगी. नवरा तिला बाहेर नेऊ पाहत होता.

‘‘चल घरी. तक्रार दिली तर नंबर जाईल आपला.’’

‘‘जाऊ द्या. लेकरू घरी बसून राहिलं, ते दिसत न्हाई का तुमाला?’’

मी तिघांना आत बोलावलं. तांड्यावरची शाळा चौथीपर्यंतच. मुलगी हुशार, म्हणून तिला शहरातल्या एका नावाजलेल्या खाजगी शाळेत पाचवीला घालायचं ठरलं. तिथे प्रवेश कसा मिळवायचा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी बसस्टँडजवळच्या एका शैक्षणिक सल्लागाराचं ऑफिस दाखवलं. त्याने फी घेतली, मुलीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला ठेवून घेतला आणि सांगितलं, ‘तुमची मुलगी वेटिंगवर पहिली आहे. एक जागा सुटली की आत.’ शाळा सुरू झाल्या, जून सरत आला, पण जागा सुटली नाही. दाखला परत मागितला की तो म्हणायचा, ‘दाखला नेला की नंबर गेला.’

‘‘साहेब, पैशाचं मागून पाहू,’’ ती म्हणाली. ‘‘पहिले दाखला काढून द्या. पोरीचं साल चाललं.’’

मी स्वतः त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पाचवीचा वर्ग उन्हाळ्याआधीच भरला, वेटिंग लिस्ट आम्ही ठेवतच नाही आणि त्या माणसाला आम्ही ओळखत नाही.

गुन्हा दाखल करता येत होता. पण एकाच तक्रारीवर ‘यांचा गैरसमज झाला’ म्हणून तो हात झटकून मोकळा झाला असता. फसलेले पालक आणखी असणार, हे उघड होतं. माझ्या माणसांनी काही जण शोधलेही, पण तक्रार द्यायला एकही तयार होईना. बाईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘तुमच्या गाडीला भिऊन राहिले ते. मी आणते.’’

जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात ती भाजी घेणाऱ्या बायांना विचारत फिरली, शहरातल्या त्या ऑफिसात कुणी लेकराचा दाखला दिला का म्हणून. एकीने दुसरीचं घर दाखवलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या व्हरांड्यात ती पाच-सहा जोडप्यांना घेऊन हजर.

मी एकेकाला आत घेतलं. पहिला गृहस्थ हात जोडून म्हणाला, ‘‘साहेब, आपली तक्रार न्हाई. या बाईनं लईच धरलं म्हणून आलो. आपला पहिला नंबर हाय.’’

दुसऱ्याने आधी दार लावून घेतलं. ‘‘बाहेर कुणाला सांगू नका, पण आमचा पहिला नंबर हाय.’’

तिसऱ्याच्या बायकोनेही तेच सांगितलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हा सल्लागार काय विकतो ते. मी सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि पहिल्या गृहस्थाला म्हणालो, ‘‘मला जे सांगितलंत, ते यांना सांगा.’’

तो अवघडला, पण बोलला.

मग एक बाई म्हणाली, ‘‘पहिला तर आमचा हाय!’’ लगेच दुसरी उठली. बघता बघता नुसता कल्लोळ झाला. त्या कल्लोळात तांड्यावरच्या बाईचा नवराच पुढे आला. ‘‘लिहून घ्या साहेब. माझी तक्रार आधी घ्या.’’

सल्लागाराला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. ‘‘सर, मी फक्त सल्ला देतो. सल्ला देणं गुन्हा आहे का?’’ मी त्याला मनसोक्त बोलू दिलं. गोड बोलणाऱ्याला अडवलं की तो सावध होतो. वेटिंग लिस्ट संस्थेच्या वरच्या लोकांकडे असते, सगळं बराबर चाललंय, असं त्याचं पुराण झालं.

‘‘ठीक आहे,’’ मी म्हणालो. ‘‘पहिला नंबर कुणाचा?’’

त्याने एक आडनाव सांगितलं. मी दार उघडलं. बाहेर सगळे पालक उभे होते. ‘‘हेच आता यांच्यासमोर सांगा.’’

त्याने त्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तो खाली बसला. दाखले हट्टा गावी बहिणीच्या घरी ठेवल्याचं त्याने कबूल केलं. पालक दुसऱ्या शाळेत जाऊ नयेत, एवढ्यासाठीच तो ते अडकवून ठेवायचा. पंचांसमक्ष पंचनामा करून आम्ही सगळे दाखले जप्त केले.

मला वाटलं, काम झालं. बाई दाखला न्यायला आली, तेव्हा मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराने तिला नियम सांगितला. जप्त वस्तू कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. ‘‘म्हंजे आता तुमच्याकडं वेटिंग?’’

नियम चुकीचा नव्हता, पण तो हुकूम येईपर्यंत शाळा थांबणार नव्हती. मी त्याच दुपारी कोर्टात अर्ज दिला आणि सरकारी वकिलांना गाठून त्यावर लवकर सुनावणी मागितली. दरम्यान शिक्षण विभागात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, दाखला नाही म्हणून सरकारी शाळेला मूल परत पाठवता येत नाही. मी ते लेखी मागून घेतलं आणि महिला हवालदारासोबत तांड्यावर पोचवलं. जवळच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती मुलगी दुसऱ्या दिवशी पाचवीत बसली. बाकीची मुलंही त्या आठवड्यात कुठे ना कुठे वर्गात गेली. दाखले कोर्टातून मागाहून मिळाले. खटला अजून चालू आहे. मी साक्ष देऊन आलो आहे.

फसवणाऱ्याला मोठं डोकं लागत नाही. प्रत्येकाला वेगळं गाठून, तूच सगळ्यांच्या पुढे आहेस, एवढं त्याच्या कानात सांगितलं की पुरतं. मग लोक शेजाऱ्यापासूनही लपवतात. त्या बाईने हे लपवणं मोडलं, म्हणून मला तपास करता आला.

आणखी एक गोष्ट मी तिच्याकडून घेतली. त्यानंतर ठाण्यात कुणीही आलं, तरी काय गेलं, एवढंच विचारून मी थांबलो नाही. ते परत मिळेपर्यंत तुमचं काय अडून राहील, हेही विचारत गेलो. आणि तपास त्या टोकापासून सुरू केला.