खुरसापुढे दिलेला शब्द

देवबागची ती चोरी आठवली की आजही मी सुन्न होतो. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण दोन सोन्याच्या पाटल्यांनी दिला तसा धक्का कशानेच दिला नाही.

फिर्यादी मच्छीमार. धंद्यात बुडाला म्हणून त्याने कोर्टात नादारीचा अर्ज केला होता. कोर्टाने नेमलेल्या रिसिव्हरने त्याची होडी, इंजिन, जाळी विकून आलेले पैसे धनकोंना वाटले आणि उरलेल्या कर्जातून कोर्टाने त्याला मुक्त केलं. बायकोच्या पाटल्या तिचं स्त्रीधन, त्यांना कुणी हात लावला नव्हता. मुक्ततेचा आदेश मिळाला आणि थोड्याच दिवसांत त्या पाटल्या कपाटातून गेल्या.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

त्याने लगेच शेजाऱ्याचं नाव घेतलं. हा शेजारी म्हातारा ख्रिश्चन, जन्मभर गोव्यात मेकॅनिकचं काम केलेला. साठवलेल्या पैशांतून त्यानेच होडीच्या इंजिनासाठी कर्ज दिलं होतं, आणि वाटपात त्याच्या हाती जवळजवळ काहीच लागलं नव्हतं. जेटीवर तो सगळ्यांदेखत ओरडला होता, "कोर्टाक तोंड दाखवलंस, माका दाखवूक लाज वाटली?" फिर्यादीची बायको बाजूला बसून होती. ती एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला : म्हातारा भरदुपारी त्यांच्या परसातून गाठोडं घेऊन जाताना दिसला होता. पंच घेऊन घरझडती केली. घरातल्या अल्ताराखालच्या, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात फडक्यात गुंडाळलेल्या पाटल्या! मुद्देमाल सापडला की पोलिसाला भूक लागते. मी चहा-भजी मागवली.

चौकशीत मात्र म्हातारा दगड झाला. "मी चोरी करूक नाय, सायब. फुडला इचारू नका." चोर गोष्टी रचतो, निर्दोष माणूस गयावया करतो. हा दोन्हींत बसेना. बाहेर त्याची बायको औषधाची पिशवी घेऊन उभी होती. अटकेचे कागद लिहायला सांगून मी पाटल्या ओळखण्यासाठी फिर्यादी नवरा-बायकोला बोलावलं.

बाकावर बसवलेला म्हातारा दिसताच ती बाई किंचाळली, "ह्येंका सोडा! पाटल्यो मीच दिलंय!"

मग महिला हवालदारापुढे तिने सांगितलं. इंजिनाचे पैसे घेताना खाडीकाठच्या खुरसापुढे, म्हणजे वाटेवरच्या क्रूसापुढे, मेणबत्ती लावून तिने म्हाताऱ्याला ते फेडण्याचा शब्द दिला होता. आमच्याकडे हिंदूही तिथे नवस बोलतात. "कोर्टान घोवाक सोडल्यान, सायब. माझो शब्द कोण सोडवतलो?" नवरा देऊ देणार नाही म्हणून तिने गुपचूप पाटल्या दिल्या, आणि म्हाताऱ्याकडून कुणाला न सांगण्याचा शब्द घेतला. नवरा थेट ठाणं गाठेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तो फिर्याद देत असताना तिला तोंड उघडायचा धीर झाला नाही.

मी म्हाताऱ्यावर चिडलो. "अहो, आत गेला असता!"

"शब्द दिललंय मा," तो म्हणाला.

"एवढी सोन्याची हाव होती?"

"सोना माका कित्याक? ती ऐकना, म्हणान ठेवन घेतलंय." त्याने फिर्यादीकडे बोट केलं. "ह्यो एकदा माझ्या दारात इलो असतो, तर मीच सोडलं असतंय."

फिर्यादीने पुढे होऊन म्हाताऱ्याचे पाय धरले.

संध्याकाळी तिघंही खुरसापाशी गेली. मीही गेलो, का ते ठाऊक नाही. क्रूसावर हात ठेवून म्हातारा मोठ्याने म्हणाला, "माझा ह्येंच्याकडे काय एक येणा नाय." ती बाई तिथेच वाळूत बसून ढसाढसा रडली. पाटल्या पुढे कोर्टामार्फत तिला परत मिळाल्या आणि गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला म्हणून प्रकरण बंद करायला मी कोर्टात क समरी पाठवली.

कोर्टाचा आदेश पक्काच होता. त्याच्यामुळे त्या घराच्या दारातून वसुलीवाले हटले, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्यानंतर पैशाचा तंटा घेऊन कुणी ठाण्यात आला, की रक्कम मी मागाहून विचारायचो. आधी विचारायचो, "त्याच्या दारात गेला होतास?" बहुतेक जण मान खाली घालायचे.