पिसाची माशी आणि रविवारची पाखरं

थंडीत पक्ष्यांचे फोटो काढायला गेलं की एक गंमत होते. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर कार्डात चांगले फोटो दोन आणि डोक्यात किस्से चार! वाईट फोटो पुसता येतात हो, किस्से कुठं पुसणार? ते साचत राहतात. मग कुणाच्या तरी हळदीला, जेवणं झाल्यावर, कुणी तरी म्हणतं, "बाळूभाऊ, ते तुमचं पाखरांचं सांगा की!" आणि मी सुरू होतो.

माझा शहापूरला फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट साइज. रविवारी मुहूर्त नसला की आम्ही चौघं निघतो. कधी तानसाच्या बाजूला, कधी मुरबाडकडे काळू नदीवर. चौघं म्हणजे मी, मुरबाडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारे गायकवाड सर, दवाखान्यातल्या नर्स कविता सिस्टर आणि भातसानगरला धरणावर नोकरी करून रिटायर झालेले विलासराव. आम्ही तिघं कॅमेरेवाले. विलासराव गळवाले.

*

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. एक खंड्या, निळाशार, माझ्या अगदी समोरच्या फांदीवर येऊन बसला. सकाळचा कोवळा उजेड असा पडलाय त्याच्यावर, की काय सांगू! मी कॅमेरा डोळ्याला लावला. बोट बटणावर. पण आयुष्य गेलंय लग्नं काढण्यात! तोंडातून निघूनच गेलं, "थोडं इकडं बघा... हनुवटी खाली... हां, स्माइल!"

खंड्या भुर्रकन उडाला.

कविता सिस्टर तशा फार कमी बोलतात. कॅमेऱ्यावरून डोळा न काढता त्या एवढंच म्हणाल्या, "नवरी पळाली."

*

विलासरावांची मासेमारी वेगळी. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. ते व्हिडिओ बघून बघून एक विद्या शिकलेत. बारीक गळाला रंगीत दोरा आणि पिसं बांधून खोटी माशी तयार करायची, काठीला बांधलेली लांब दोरी डोक्यावरून मागं-पुढं फिरवायची आणि ती माशी अलगद पाण्यावर टेकवायची. माशाला वाटतं, खरीच माशी बसली! तो उडी मारतो आणि फसतो.

"म्हणजे माशीनं मासा?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"माशीनं मासा!" विलासराव म्हणाले. एवढा आनंद मी त्यांच्या रिटायरमेंटच्या फोटोतही पाहिला नव्हता.

आता माशी बांधायची तर पिसं पाहिजेत. आणि त्यांच्या शेजारच्या रमाबाईंकडे एक कोंबडा होता. काय त्याचा तुरा, काय ती शेपटी! हिरवी, तांबडी, काळी, उन्हात नुसती चमकायची. विलासराव रोज सकाळी त्याला तांदळाची कणी टाकायचे. शेजारी म्हणाले, रिटायर झाल्यापासून माणूस किती मायाळू झालाय बघा!

एके दिवशी आम्ही विलासरावांच्या ओटीवर चहा पीत बसलो होतो. त्यांची डबी उघडी. आत माश्या ओळीनं मांडलेल्या. एवढ्यात रमाबाई आल्या. त्यांनी डबीत पाहिलं आणि त्यांचा आवाजच चढला.

"विलासभाऊ! ही माझ्या कोंबड्याची शेपटी!"

विलासराव गडबडले. म्हणाले, "रमाबाई, रागावू नका. तुमच्या कोंबड्याच्या पिसाला लय मान हाय. नदीतले मासे लांबून वळखतात!"

"मासे वळखतात," रमाबाई म्हणाल्या, "पन कोंबड्या वळखत नायत त्याचं काय? दोन दिस झालं, खुराड्यात घेत नायत त्याला!"

*

गायकवाड सरांना पक्षी ओळखण्याचा भयंकर आत्मविश्वास. पीस दिसलं तरी पुरतं. एकदा तानसाच्या बाजूला, लांब पलीकडच्या गवतात काही तरी करडं, गोल दिसलं. सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. वास्तविक बोलत फक्त तेच होते.

"हलू नका. हिवाळी पाहुणा आहे. डोंगर ओलांडून आलाय. दमलाय बिचारा. बघा, मान कशी अंगात ओढून बसलाय."

आम्ही पोटावर पडलो. गवत दवानं ओलं, स्वेटर ओला, कोपरं गारठलेली. सर हळू आवाजात माहिती देतायत. कुठून येतो, काय खातो, अंडी कुठं घालतो. आम्ही धडाधड फोटो काढतोय.

आणि पक्षी हळूहळू उभा राहिला. त्यानं कानटोपी सारखी केली, बिडी पेटवली आणि जोरात खोकला.

सरांनी दुर्बीण खाली केली, काच पुसली आणि शांतपणे म्हणाले, "स्थलांतरित नाही. स्थानिक आहे."

*

मुरबाडच्या बाजूला एका शेताच्या बांधाजवळ चक्रवाकाची जोडी उतरायची. केशरी रंगाचे, बदकासारखे, फार देखणे. शेत केरूदादांचं. त्यांनी आम्हाला कधी अडवलं नाही, म्हणून मी एक छान फोटो मोठा करून त्यांना नेऊन दिला.

केरूदादांनी तो हातभर लांब धरून पाहिला. मग जवळ घेऊन पाहिला.

"पाखरू बरं हाय. पन मागं माझी पेंढ्याची उडवी अर्धीच आली रे!"

खरंच, मागची उडवी कडेला कापली गेली होती. केरूदादांनी एकट्यानं रचलेली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लांब जाऊन बसलो. पुढं चक्रवाक, मागं अख्खी उडवी, असा फोटो जमायला सकाळ गेली. फ्रेम करून दिला.

केरूदादा खूश! घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवला. मग मला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाले, "झकास काढलास. निस्तं ते पाखरू मदी आलंय. तेवढं काढता येल का?"

*

कविता सिस्टरांना पाणकोंबडीची पिल्लं टिपायची होती. त्यासाठी त्यांनी पानापानांचं चित्र असलेलं एक मोठं कापड आणलं. ते अंगावर घेऊन त्या ओढ्याकाठी झुडपाला चिकटून बसल्या. माझ्या बाजूनं फक्त लेन्सचं टोक दिसत होतं. मी जवळच होतो, तरी मला त्या दिसत नव्हत्या.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी वाटेनं आली, झुडपापुढं थांबली आणि वाकून म्हणाली, "सिस्टर, ती पांढरी गोळी जेवनाआधी का जेवनानंतर?"

झुडूप जरा हललं. मग आतून आवाज आला, "जेवणानंतर."

"आजी, ओळखलंत कसं?" मी विचारलं.

"बुटं!" आजी म्हणाल्या. "वार्डात उताणं झोपाया जमत नवतं, कुशीवर पडून तीच तर बघत होते."

बातमी पसरायला किती वेळ! पाड्यावरची आणखी माणसं आली. कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला. पाणकोंबडी पिल्लांना घेऊन केव्हाच निघून गेली. शेवटी झुडूप वैतागून ओरडलं, "सगळ्यांनी उद्या सकाळी दवाखान्यात या!"

वाटेवरून एक गुराखी म्हशी घेऊन चालला होता. तो जागीच थबकला. म्हशी सोडून पाड्याकडं पळाला, आणि आम्हाला लांबवर त्याची आरोळी ऐकू आली, "झाडानं तारीख दिली रे, झाडानं!"

*

आता सुमनवहिनींचं सांगतो.

सुमनवहिनी म्हणजे विलासरावांच्या मिसेस. विलासरावांचा एक नियम आहे, मासा पकडायचा आणि परत पाण्यात सोडायचा. त्यामुळे वहिनींनी त्यांचा एकही मासा कधी पाहिलेला नव्हता. त्यात गेल्या वर्षी विलासराव शेवाळावरून घसरले आणि मनगट मोडून घरी आले. वहिनी घाबरल्या. त्यांनी गळाची काठी उचलली आणि माळ्यावर टाकली.

प्लास्टर निघालं, थंडी पडली, तरी काठी खाली येईना. विलासरावांचं जेवण कमी झालं. ओटीवर बसून रिकामाच हात हवेत मागं-पुढं हलवायचे. आम्हाला बघवेना. मग एक दिवस वहिनींचाच फोन आला.

"भावजी, रयवारी मी येते. एवढं काय ठेवलंय त्या नदीत ते मला बघू दे. पटलं तर ठीक. नाय पटलं तर काठी भंगारात!"

रविवारी काळूवर धुकं होतं. विलासराव दाढी करून आलेले. वहिनी स्कार्फ बांधून एका खडकावर बसल्या आणि पुढं पिशवी ओतून वालाच्या शेंगा सोलायला लागल्या. विलासरावांनी दोरी फिरवली, माशी टाकली. काही नाही. पुन्हा टाकली. माशी बदलली. ऊन वर आलं, शेंगा संपत आल्या, सालपटांचा ढीग झाला. त्या थंडीत विलासरावांच्या कपाळावर घाम. आम्ही तिघं पक्षी विसरून पाण्याकडंच बघत होतो. गायकवाड सर, विज्ञानाचे मास्तर, डोळे मिटून पुटपुटत होते, "एक चिलापी तरी दे रे देवा!"

आणि माशीजवळ पाणी हललं. मोठा मासा! काळी पाठ वर आली. विलासराव पुढं झुकले.

धप्प! आभाळातून मासेमार घार दगडासारखी पडली, तोच मासा पंजात धरला आणि वर उठली. हा पक्षी आमच्याकडं फक्त थंडीत येतो, आणि एवढ्या जवळून तो आम्ही कधीच पाहिला नव्हता. सगळे कॅमेरे टकटकटकटक! विलासराव काठी धरून नुसते उभे.

वहिनी उठल्या. कमरेवर हात ठेवले.

"बघा! तिच्याकडं काठी नाय, टोपी नाय, चष्मा नाय. एका झेपंत! आन तुमी सकाळपास्नं पाण्याला वारा घालताय!"

विलासराव मान खाली घालून दोरी गुंडाळायला लागले. आयुष्यभर आम्हाला "आवाज नको" म्हणणारे गायकवाड सर नेमके तेव्हाच ओरडले, "अहो, डोक्यावर आली, डोक्यावर!"

घार दचकली की काय देव जाणे. पंजा सुटला. मासा गरगरत खाली आला आणि थेट वहिनींच्या पुढ्यात, वालाच्या सालपटांत पडला. चांगला कोपरभर लांब, जिवंत, तडफडतोय!

विलासराव धावत आले, गुडघ्यावर बसले. "सुमन, सोड त्याला पाण्यात. नियम हाय आपला."

"नियम तुमचा," वहिनी म्हणाल्या. "तुमी पकडलेला तुमी सोडा. ह्यो मला तिनं दिलाय!"

त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं, मासा त्यात गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली.

विलासरावांनी हळूच विचारलं, "आन काठीचं?"

वहिनींनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. घार अजून नदीवर घिरट्या घालत होती. वहिनींनी हात उंच केला आणि ओरडून म्हणाल्या, "येते गो पुढच्या रयवारी!"