वरच्या खाचरातलं पाणी

आमच्या जोयड्याच्या रानात पाऊस इतका पडतो की भिंतींना बुरशी येते आणि चुलीतलं लाकूड दुपारपर्यंत नुसतं धुमसत राहतं. पण लावणीच्या आठ दिवसांत तो दडी मारून बसला, की बाकीचा सगळा पाऊस असून नसल्यासारखा. रानातली कुमरी, म्हणजे झाडोरा जाळून नाचणी पेरायची शेती, तेव्हा बंद झालेली. खायचं काय ते खाचरातल्या भातावर.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या जावेला वरचं खाचर मिळालं आणि मला त्याच्या खालचं. खाली ओल जास्त टिकते, असं सासऱ्यांनी समजावलं. मला ते कधी पटलं नाही. डोंगराचं पाणी आधी तिच्याकडे येई, तिचं भागलं की मग माझ्याकडे. मधल्या बांधाला पाण्याचं तोंड होतं. वरच्यानं आपली लावणी आटपली की ते फोडायचं, खालच्यानं बांधाला हात लावायचा नाही, ही गावाची रीत. म्हणजे दर साली मी जावेच्या मर्जीची वाट बघत बसायचं. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, माझ्याहून उजळ, आणि तिची भाकरीसुद्धा माझ्यापेक्षा चांगली फुगायची. देवानं सगळं तिच्याच पदरात टाकायचं ठरवलंय, असं मला वाटे.

त्या साली ऐन लावणीत पावसानं पाठ फिरवली. तिच्या खाचरात घोट्याएवढं पाणी टिकून होतं, माझ्या जमिनीला भेगा पडत होत्या. बांधाच्या पायथ्याशी ओल राहते म्हणून तिथंच मी तरव्याचा, म्हणजे लावणीच्या भातरोपांचा, वाफा केला होता. रोपांचं लावायचं वय उलटून चाललेलं, शेंडे पिवळे. आणखी चार दिवस गेले असते तर तो तरवा गुरांपुढं टाकावा लागला असता आणि वर्षभर आम्ही रानातले कंद उकरून खाल्ले असते. तिचा एक कोपरा लावायचा राहिला होता. एकच. आणि ती गाणं म्हणत, सावकाश लावत होती. ते गाणं ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एका दुपारी सगळे जेवायला घरी गेले. मी कुदळ घेतली आणि वाफ्याच्या वर, झुडपाआड, बांधाला बोटभर चीर पाडली. पाणी झिरपू लागलं. मग मीही घरी जाऊन जेवले. घास गोड लागला, खोटं कशाला सांगू.

तिन्हीसांजेला पाऊस कोसळला. सकाळी इरलं पांघरून गेले तर माझ्या चिरेच्या जागी बैल जाईल एवढं खिंडार. तिच्या खाचरातली माती घसरून माझ्या वाफ्यावर बसली होती, तरव्याचं एक पातं दिसत नव्हतं. शेतात पाणीच पाणी, आणि लावायला रोप नाही. अर्धा दिवस दम धरला असता तर हे झालं नसतं. मी चिखलात मटकन बसले.

थोड्या वेळानं जाऊ आली. आपल्या कोपऱ्यासाठी राखलेला सगळा तरवा तिनं डोक्यावर आणला होता, आणि कमी पडेल म्हणून माहेराला माणूस पाठवला होता.

“अक्का, माझ्या बांधानं तुमचा तरवा गाडला,” ती म्हणाली. “वरच्याची चूक ती. ह्यो घ्या. माझा कोपरा ऱ्हाऊ दे तसाच.”

खरं सांगायला तेवढीच वेळ होती. मी म्हणाले, “व्हय, बांध नीट घालायला पायजे हुता.” आणि पेंढ्या उतरवून घेतल्या.

त्या साली तिच्या शेतातल्या गाळानं माझं भात असं उठलं की तिच्यापेक्षा जास्त पिकलं. ती मुद्दाम बघायला आली. लोंबी हातात धरून ती मनापासून हसली, तिच्या चेहऱ्यावर माझ्यासारखी जळजळ कुठंच नव्हती. त्या दिवशी मला तिचा जितका हेवा वाटला, तितका तिच्या पाण्याचाही कधी वाटला नव्हता.