दोन इंच आणि चार टायर

पिकअपचं पोट दगडाला घासलं, तो आवाज नवऱ्याने स्वतःच्या पोटात ऐकला असावा. त्याने गाडी जागच्या जागी थांबवली, खाली उतरून वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, खडकाळ पात्रात सरळ आडवा झाला आणि गाडीखालूनच म्हणाला, "चार इंच! गाडी चार इंच वर घ्यायलाच हवी."

"लागलंय किती ते सांग," मी खिडकीतून विचारलं.

"खालचा पत्रा चेपलाय."

"मग पत्रा सरळ करून घेऊ."

तो उठला, शर्टावरची धूळ झटकली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पत्र्यावर हे प्रकरण मिटणार नाही, हे मला तिथेच कळलं.

तेव्हा आम्ही मस्कतला होतो. नवरा सिव्हिल इंजिनियर, मी गाला नावाच्या भागातल्या इंडस्ट्रियल एरियात एका ट्रेडिंग कंपनीच्या खरेदी विभागात. ही पांढरी डबल केबिन पिकअप त्याने केरळला परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली होती. नागपुरात त्याच्या घरी स्कूटरपलीकडे वाहन आलं नव्हतं, त्यामुळे या गाडीवर त्याचा जीव जरा जास्तच होता. सिग्नलला एखादी उंच केलेली पिकअप शेजारी उभी राहिली की तो मान वर करून बघत राहायचा आणि मागचे लोक हॉर्न वाजवायचे.

बजेट होतं अडीचशे रियाल. हे पैसे खरं तर नव्या फ्रिजसाठी ठेवले होते. जुना फ्रिज आवाज करत होता, पण गारही करत होता, म्हणून त्याला आणखी एक वर्ष द्यायचं ठरलं.

ऑफिसात मी पेनाच्या रिफिलसाठीसुद्धा तीन कोटेशनं मागवत असे. इथेही तेच केलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गालातली तीन गॅरेजं पालथी घातली आणि घरी येऊन तक्ता मांडला. किंमत, वॉरंटी, मजुरी, किती दिवस लागतील. नवऱ्याने तो वाचला आणि पेन घेऊन शेवटी एक रकाना वाढवला, 'दिसायला कशी'. त्यात गाडी उंच करायच्या चार इंचांच्या किटला त्याने दहापैकी दहा मार्क दिले.

तक्त्यावरून एक गोष्ट मात्र उघड होती. पूर्ण किट घेतलं तर टायरला पैसे उरत नव्हते, आणि टायर घेतले तर किटला. टायरांची अवस्था मी बघितली होती. कडेला बारीक भेगा पडल्या होत्या आणि मधली नक्षी जवळजवळ पुसली होती.

"आधी टायर," मी म्हणाले.

"टायर कोण बघतं?"

"रस्ता बघतो."

दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. शनिवारी आम्ही त्या तिघांतल्या एका, उस्तादांच्या गॅरेजला निघालो तेव्हा आईंनाही बरोबर घेतलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना न्यायची कल्पना माझी आणि नवऱ्याची एकदमच निघाली. त्याला वाटलं, आई आहे, आपली बाजू घेईल. मला वाटलं, गुडघे आहेत, माझी घेतील.

उस्ताद साठीतले पठाण. मेंदी लावलेली दाढी, आणि हातातल्या पान्यानेच बोट दाखवायची सवय. त्यांच्या अंगणात कुणाची तरी चार इंच उंच केलेली पिकअप उभी होती. नवऱ्याने आईंना ती दाखवली. मी लगेच म्हणाले, "चढून बघा ना आई." त्या चढूच शकणार नाहीत, याची मला खात्री होती.

उस्तादांनी एक लाकडी खोकं आणून ठेवलं. नवऱ्याने एक हात धरला, मी दुसरा. आई "अगं बाई, अगं बाई" करत वर पोचल्या, सीटवर बसल्या, पदर सावरला आणि समोर बघू लागल्या. दोन मिनिटं झाली, पाच झाली. त्या उतरायचं नावच घेईनात.

"आई, चला ना."

"थांब बाप्पा! इथून भिंतीच्या पलीकडचं दिसून राहिलं."

भिंतीपलीकडे तीन बकऱ्या आणि वाळत घातलेले कपडे होते. पण आयुष्यभर एसटीत पुढच्याच्या डोक्याआडून प्रवास केलेल्या बाईला तो देखावा पुरेसा होता. वरूनच त्यांनी निकाल दिला, "उंच करून टाका गाडी." नवऱ्याचा चेहरा फुलला. मी डाव हरले होते.

पण आई शिक्षिका होत्या. खिडकीतून वाकून त्यांनी उस्तादांना नागपुरी हिंदीत विचारलं, "भाईसाब, अपने को कम में कम कितना होना?"

उस्ताद हसले. "अम्मा, आपका बेटा पहाड़ चढ़ेगा?"

"ये?" आईंनी मुलाकडे बघितलं. "ये तो जिना भी हाफते हाफते चढता."

"तो फिर दो इंच बहुत है."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पुढच्या स्प्रिंगवर लोखंडी चकत्या बसवायच्या, मागे पाट्यांमध्ये एक पाटा वाढवायचा. पूर्ण किटच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी पैशात काम होतं. वर हेही सांगितलं की चार इंच केले तर मुलकिया, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, नवं करताना तपासणीत अडचण येईल. ते ऐकून नवऱ्याने चार इंचांचा हट्ट सोडला. उरलेल्या पैशांत टायर बसत होते, फक्त जपानी नाहीत.

टायरांची दुकानं त्याच रस्त्यावर रांगेने होती. पहिल्या दुकानात इतके स्वस्त मिळत होते की नवऱ्याने खिशात हात घातलासुद्धा. मी मात्र वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे शोधत होते. पहिले दोन आकडे टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे टायर बनून तीन वर्षं उलटून गेली होती.

"ये तो पुराना माल है," मी म्हणाले.

दुकानदार दुखावला. "मैडम, टायर है, दही थोड़ी है!"

"इस गर्मी में दही ही है, भाईसाब."

आई मागे खुर्चीवर बसून हे ऐकत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू अशीच भाजी आणायला जात जा माझ्यासोबत." मवालेहच्या भाजी बाजारात आदल्याच आठवड्यात त्या महाग वांग्यांवर घासाघीस करत असताना मी त्यांना घाई केली होती, त्याचा हा हिशोब.

चौथ्या दुकानात थायलंडचे, चार महिन्यांपूर्वीच बनलेले, मातीत आणि डांबरावर दोन्हीकडे चालणारे टायर मिळाले. एक नंबर मोठे, जाड नक्षीचे. व्हील अलाइनमेंट फुकट करून घेतली. तरीही सात रियाल वर गेले, ते नवऱ्याने आपल्या चहा-समोशांतून कापायचं कबूल केलं.

गाडी मिळाली त्या दिवशी पहिल्याच वळणावर चाकातून खर्र असा आवाज आला. आम्ही तसेच मागे फिरलो. उस्तादांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, चाकाच्या वरच्या प्लास्टिकचा घासणारा तुकडा धारदार सुरीने कापला, "खलास" म्हणाले आणि चहा मागवला.

पुढच्या शुक्रवारी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका ओमानी सहकाऱ्याने समुद्रकाठच्या सहम गावी आपल्या शेतावर जेवायला बोलावलं. जेवणं झाली, खजूर-कहवा झाला, आणि परतताना नवऱ्याने गाडी समुद्राकडे घातली. किनाऱ्याची वाळू दिसताच तो म्हणाला, "आता बघा."

आम्ही बघितलं. गाडी शंभरेक पावलं ऐटीत गेली आणि मग जागीच फिरायला लागली. त्याने फोर व्हील लावलं, जोर केला. चारही नवे टायर आपापला खड्डा मन लावून खणू लागले. पाच मिनिटांत आमचे दोन इंच वाळूत गेले आणि पिकअप पुन्हा पोटावर बसली.

आम्ही दोघं लाडवांबरोबर गाडीत घेतलेल्या स्टीलच्या ताटांनी वाळू उपसू लागलो. आई वरच बसून सूचना देत होत्या. "डावीकडून काढ रे. अरे, तुझी डावी!"

तेवढ्यात एक म्हातारा कोळी आपल्या पिकअपमधून आला. त्याची गाडी जुनी, साधी टू व्हील, रंग उडालेला, मागे जाळ्यांचा ढीग. ती त्याच वाळूवरून डांबरावरून यावी तशी आली. तो उतरला, आमच्या टायरांकडे बघून हसला आणि म्हणाला, "हवा! हवा!"

नवऱ्याने घाम पुसत समुद्राकडे पाहिलं आणि अदबीने मान डोलावली. "हां, बहुत अच्छी हवा है."

म्हाताऱ्याने डोकं हलवलं. "हवा!"

"हां, हां, ठंडी हवा."

"अरे, तो टायरातली हवा म्हणून राहिला!" आई वरून ओरडल्या. "काढ म्हणतो ना तो, काढ!"

अरबीतली हवा आणि आपली हवा एकच, हे आमच्या दोघांच्या पदव्यांना सुचलं नव्हतं. म्हाताऱ्याने वाळूतली एक काडी उचलली, प्रत्येक टायरच्या व्हॉल्व्हमध्ये दाबून धरली आणि फुसफुस करत हवा सोडली. टायर खाली बसून रुंद झाले. मग त्याने नवऱ्याला बाजूला केलं, स्वतः स्टिअरिंगवर बसला, आधी थोडं मागे, मग हळूच पुढे, आणि गाडी बाहेर. आई शेजारच्या सीटवर सगळा वेळ ताठ बसून होत्या. उतरताना त्याने त्यांना सलाम केला, त्यांनी नमस्कार केला. आमच्याकडे उरलेले बेसनाचे लाडू आम्ही त्याला दिले. त्याने आम्हाला प्लास्टिकच्या पिशवीत पाच ताजे मासे दिले आणि यल्ला, यल्ला करत वाटेला लावलं.

मऊ टायरांवर गाडी बदकासारखी डुलत हायवेच्या पेट्रोल पंपापर्यंत गेली. नवरा हवा भरत होता आणि मी मीटर बघत होते. चौथ्या टायरचं टोपण त्याने घट्ट लावलं. मग म्हणाला, "टायर मात्र चांगले निवडलेस." मीही मोठ्या मनाने म्हणाले, "उंचीही बरी दिसते."

घरी पोचल्यावर आईंनी नागपूरला बहिणीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात मासे साफ करत होते, नवरा ओट्याशी कांदा चिरत होता. बाहेरून आईंचा आवाज येत होता. "समुद्रावर गेलो होतो ना आम्ही. गाडी फसली. हे दोघं नुसते ताटांनी वाळू उपसून राहिले होते... मग काय, मीच काढली."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्याने सुरी ठेवली, दार हळूच लोटून घेतलं आणि दुसरा कांदा उचलला.